जिन्याखालचा डबा आणि अडवलेला प्लगिन

गुरुवारी सकाळी फोन आला तेव्हा मी गोव्यात फोंड्याच्या वरच्या बाजारात एका दुकानदाराचा बिलाचा प्रिंटर उघडून बसलो होतो. फोन तालुक्यातल्याच एका देवस्थानच्या कारकुनाचा. त्यांच्या कचेरीत माझं वर्षातून दोनदा जाणं होतं. एकदा पावत्यांच्या सॉफ्टवेअरसाठी आणि एकदा जत्रेच्या आधी.

"भाई, ब्राउझरने प्लगिन ब्लॉक केलाय. कॅमेरे दिसत नाहीत. आजच यायला हवं."

"कधीपासून दिसत नाहीत?"

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "आज बघायला गेलो तर दिसले नाहीत. जूनमध्ये जुना कॉम्प्युटर गेला ना, त्यानंतर आजच उघडले."

म्हणजे पाच महिने देवस्थानचे आठ कॅमेरे चालू होते आणि ते बघायची गरज कुणालाच पडली नव्हती. यात मला नवल वाटलं नाही. सीसीटीव्हीचं बहुतेक ठिकाणी असंच असतं. पण मग आजच गरज का पडली, हे मी विचारलं नाही. या प्रकरणातली माझी पहिली चूक ती.

मांडणी अशी होती. अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेच्या, जिन्याखाली एका लोखंडी कपाटात डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा. त्याच्या शेजारी राउटर. कॅमेरे सभामंडपात दोन, फंडपेटीवर एक, तळीकडे एक, महाद्वारावर दोन, पार्किंगला दोन. सगळे जुन्या धाटणीचे, टीव्हीच्या वायरीसारख्या कोॲक्स केबलवरचे. डीव्हीआरला पूर्वी स्वतःचा मॉनिटर होता, तो कुणीतरी काढून प्रसादाच्या काउंटरवर नेला होता. त्यामुळे कॅमेरे बघायचे तर कचेरीतल्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडायचा, डीव्हीआरचा पत्ता टाकायचा आणि आत जायचं, हा एकच मार्ग उरला होता. जुना कॉम्प्युटर विंडोज ७ चा. त्यावर इंटरनेट एक्स्प्लोरर होता आणि त्या एक्स्प्लोररमध्ये कधीकाळी बसवलेला प्लगिन. जूनच्या विजांमध्ये तो कॉम्प्युटर गेला. नवा आला तो विंडोज ११ घेऊन, आणि त्यात इंटरनेट एक्स्प्लोरर नाहीच.

मी पोचेपर्यंत कारकुनाने आपल्या परीने बरंच करून ठेवलं होतं. क्रोममध्ये लॉगिनचं पान उघडत होतं, नाव-पासवर्ड घेत होतं, आणि मग आठ काळे चौकोन. खाली मोडक्या इंग्रजीत एक ओळ, की प्लगिन बसवा. ती ओळ दाबली की एक फाइल उतरायची आणि विंडोज ती अडवायचं. मग त्याने शोध घेऊन त्याच नावाचा प्लगिन एका भलत्याच साइटवरून उतरवला. तोही अडला. मग मुंबईच्या भाच्याला फोन. भाचा म्हणाला, विंडोजचा अँटीव्हायरस, डिफेंडर, दहा मिनिटं बंद करून बघ, नाहीतर २०१६ चं जुनं फायरफॉक्स टाक. डिफेंडर बंद झालेला होता. फायरफॉक्स अजून उतरत होतं.

या कॉम्प्युटरवर देवस्थानचं बँक खातं उघडलं जातं. मी आधी नेटची वायर काढली.

त्या भलत्या साइटची फाइल अजून चालवलेली नव्हती, हे नशीब. ती काढली, डिफेंडर सुरू केला, ऑफलाइन तपासणी लावली आणि चहा घेतला. काही निघालं नाही.

हा प्लगिन म्हणजे कोण

देवस्थान समितीचे मुखत्यार कचेरीत आले. त्यांचा प्रश्न सरळ होता: "कॅमेरे आमचे, डबा आमचा, कॉम्प्युटर आमचा. मग ब्राउझर कोण अडवणारा?"

प्रश्न चुकीचा नाही. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं. १९९५ मध्ये नेटस्केपने आपल्या ब्राउझरला एक दार ठेवलं. ब्राउझरला जे येत नाही ते बाहेरच्या कंपनीने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम येऊन करेल. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हएक्स आणलं, कल्पना तीच. तेव्हा ब्राउझरला व्हिडिओ चालवता येत नव्हता, त्यामुळे हे दार लागत होतंच. अडचण एवढीच की आत आलेला प्रोग्रॅम पानापुरता राहत नसे. कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाला जे जे करता येतं ते सगळं त्यालाही करता यायचं. जत्रेत चौकात दुकान मांडायची परवानगी मागायला आलेल्याच्या हातात अग्रशाळेच्या सगळ्या खोल्यांच्या चाव्या द्याव्यात, तसं.

चाव्यांचा गैरवापर व्हायचा तो झालाच. जानेवारी २०१३ मध्ये जावाच्या प्लगिनमधलं एक भोक इतकं उघडं पडलं की अमेरिकी सरकारच्या सुरक्षा विभागाने लोकांना ब्राउझरमधलं जावा बंदच करा असं सांगितलं. सप्टेंबर २०१४ पासून इंटरनेट एक्स्प्लोरर स्वतःच जुन्या आवृत्तीचा जावा अडवू लागला. जुलै २०१५ मध्ये फायरफॉक्सने फ्लॅशच्या तेव्हाच्या आवृत्त्यांना दारातच थांबवलं. क्रोमने एप्रिल २०१५ च्या ४२ व्या आवृत्तीत नेटस्केपच्या जमान्यातले प्लगिन बंद करून ठेवले आणि सप्टेंबरच्या ४५ व्या आवृत्तीत ते दारच भिंत घालून बुजवलं. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये तेच केलं, फ्लॅशपुरती सवलत ठेवून. फ्लॅशचा शेवट ३१ डिसेंबर २०२० ला झाला. १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त झाला आणि १४ फेब्रुवारी २०२३ ला एज या मायक्रोसॉफ्टच्याच नव्या ब्राउझरच्या अपडेटने विंडोज १० वरही तो उघडेनासा केला.

कपाटातल्या फाइलमध्ये डीव्हीआरचं बिल सापडलं. मे २०१४. त्याच्या आठ महिने आधी, सप्टेंबर २०१३ मध्ये, हे प्लगिन आम्ही टप्प्याटप्प्याने बंद करणार असं क्रोमने जाहीर केलेलं होतं. म्हणजे देवस्थानने डबा विकत घेतला तेव्हाच त्याची खिडकी बंद व्हायची ठरलेली होती. विकणाऱ्याला ते माहीत होतं की नाही, देव जाणे. माझ्याकडे आला असता तर २०१४ मध्ये मीही तोच विकला असता.

मुखत्यारांना मी इतकंच सांगितलं, की डबा तुमचा असला तरी त्याने पाठवलेला प्रोग्रॅम तुमचा नाही. तो कुणी लिहिला, शेवटचा कधी दुरुस्त केला, कुणाला ठाऊक नाही. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "मग दिसणार कधी?"

दोन तास चुकीच्या दारात

अशा डब्यांसाठी आज रीतसर उरलेला एकच रस्ता आहे: मायक्रोसॉफ्ट एजमधला आयई मोड. एजच्या आत जुन्या एक्स्प्लोररचं इंजिन चालतं, ॲक्टिव्हएक्ससकट. निदान २०२९ पर्यंत तो ठेवू असं कंपनीने सांगितलेलं आहे. एजच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट ब्राउझरच्या पानावर तो चालू करायचा, आणि जे पान त्यात उघडायचं त्याचा पत्ता यादीत घालायचा. यादीतला पत्ता ३० दिवसांनी आपोआप गळतो. कंपन्यांमध्ये धोरण लावून तो कायमचा ठेवता येतो, पण कारकुनाच्या एकट्या कॉम्प्युटरसाठी ते कुणी करत नाही. दर महिन्याला 'कॅमेरे परत गेले' म्हणून येणाऱ्या फोनांमागे हे ३० दिवस असतात.

हे मी कचेरीच्या कॉम्प्युटरवर करायचं टाळलं. आयई मोड हीसुद्धा एक फटच आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच वाटेने लोकांना फसवून आत शिरल्याचं मायक्रोसॉफ्टला कळलं आणि त्यांनी टूलबारवरचं त्याचं सोपं बटण काढून टाकलं. ज्या कॉम्प्युटरवर बँक उघडते त्यावर ती फट ठेवायची नाही, असा माझा नियम. म्हणून माझा जुना लॅपटॉप काढला, वायफाय बंद केलं, डीव्हीआरची वायर राउटरमधून काढून थेट लॅपटॉपला लावली आणि दोघांना एकाच रांगेतले पत्ते दिले. आता त्या जाळ्यात दोघंच, बाहेरचं कुणी नाही.

तरी प्लगिन अडलाच. त्याच्यावरची बनवणाऱ्याची डिजिटल सही केव्हाच मुदत संपलेली. मग इंटरनेट ऑप्शन्समध्ये जाऊन फक्त डीव्हीआरचा पत्ता विश्वासू साइटच्या यादीत घातला आणि त्या यादीपुरतंच सही नसलेल्या ॲक्टिव्हएक्सला 'विचारून घे' असं ठेवलं. सगळ्या इंटरनेटसाठी ही सूट देणारे लोक मी पाहिलेत. ते करू नका. प्लगिनही डब्याने स्वतःच्या पोटातून दिलेलाच घेतला, शोधून आणलेला नाही.

जिन्याखाली पाटावर बसून हे सगळं होईपर्यंत साडेबारा वाजले. आठ चौकोन उजळले. तळीच्या कॅमेऱ्यावर कोळ्याचं जाळं, पार्किंगच्या एका कॅमेऱ्याचं तोंड आभाळाकडे, पण चित्र आलं. मी खूश. कारकुनाला हाक मारली.

तो वाकून बघत म्हणाला, "हे आत्ताचं. आम्हाला शनिवारचं पाहिजे."

शनिवारी रात्री आरती सुटल्यावर महाद्वारासमोर एका स्कूटरने फुलवाल्या मावशीला धडक दिली होती. मावशी अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, आणि जाईच्या कळ्या विकायला बसते. मनगट मोडलं. स्कूटर थांबली नाही. बुधवारी पोलिसांनी देवस्थानकडे चित्रण मागितलं. आणि हे मला गुरुवारी साडेबाराला कळत होतं, कारण मी सकाळी विचारलंच नव्हतं. त्याने प्लगिन म्हटलं, मी प्लगिन ऐकलं.

जुनं चित्रण बघायला प्लेबॅकचं बटण दाबलं. परवानगी नाही. कारकुनाकडे होता तो फक्त बघण्यापुरता वापरकर्ता. ॲडमिनचा पासवर्ड त्याला कधी कुणी दिलाच नव्हता. म्हणजे प्लगिन चालला काय आणि न चालला काय, शनिवार काही त्याच्या हाती लागणार नव्हता.

किती दिवस उरले

इथे पहिलं काम हिशोबाचं. डीव्हीआरची डिस्क भरली की तो सर्वात जुन्या चित्रणावर नवं लिहितो. डिस्क १ टेराबाइटची. प्रत्येक कॅमेरा सेकंदाला साधारण १ मेगाबिट लिहीत होता, म्हणजे तासाला ४५० मेगाबाइट, दिवसाला १०.८ गिगाबाइट. आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला ८६ च्या आसपास. हजाराला ८६ ने भागलं की साडेअकरा दिवस येतात. शनिवार रात्रीपासून गुरुवार दुपारपर्यंत पाच गेले. सहा उरले. फोन आठवडाभर उशिरा आला असता तर पुढचं काही लिहायची गरज नव्हती.

डबा बंद करून ठेवावा का, हा विचार आला. बंद केला की वरचं लिखाण थांबतं. पण ती डिस्क कित्येक वर्षं न थांबता फिरत आलेली. अशा डिस्का बंद केल्या की कधीकधी परत फिरतच नाहीत. सहा दिवस हातात असताना हा जुगार कशाला? चालू ठेवली. एकच दिवस उरला असता तर कदाचित उलट केलं असतं.

पासवर्ड

गोव्यातल्या देवस्थानांचा कारभार अजून पोर्तुगीज काळातल्या १९३३ च्या कायद्याने चालतो. महाजन, म्हणजे देवस्थानचे सभासद, समिती निवडतात, तिची मुदत तीन वर्षं. अध्यक्ष, मुखत्यार, सचिव, खजिनदार. २०१४ पासून इथे अनेक समित्या आल्या आणि गेल्या. दागिन्यांची यादी होते, भांड्यांची होते, ती सही करून नव्या समितीच्या हवाली केली जाते. पासवर्डचा त्या यादीत रकाना नाही. डीव्हीआरचा पासवर्ड आधीच्या एका खजिनदारांकडे होता. आणि ती समिती व ही समिती यांचं बोलणं बंद होतं. कारण मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

कारखान्यातून आलेला पासवर्ड मी घालून पाहिला. चालला नाही. एका अर्थी बरं वाटलं.

डब्याला फॅक्टरी रीसेट मारायचा पर्याय होता. काही डबे त्यात फक्त सेटिंग पुसतात, काही डिस्कही नव्याने मांडायला, म्हणजे पुसायला लागतात. हा कुठल्या जातीचा, मला खात्री नव्हती. हात लावला नाही.

मार्ग काढला भटजींनी. त्यांचं दोन्हीकडे जाणं-येणं. त्यांनी फोन केला, फुलवाल्या मावशीचं नाव घेतलं, आणि अर्ध्या तासात जुने खजिनदार स्कूटरवरून हजर. सत्तरीचे गृहस्थ. मुखत्यारांकडे न बघता जिन्याखाली आले, मला म्हणाले, "तिकडे बघ जरा," आणि स्वतः पासवर्ड टाकला. मी जिन्याकडे तोंड करून उभा राहिलो.

मग खिशातून मोबाइल काढून मला दाखवला. सभामंडप दिसत होता, थेट. "माझा चालतो की. रोज संध्याकाळची आरती यावरच बघतो. गुडघ्यांमुळे येणं होत नाही."

मुखत्यारांनी हे ऐकलं. जिन्याखाली थोडा वेळ कुणी बोललं नाही.

सतरा मिनिटं

चित्रण घ्यायला ब्राउझर लागलाच नाही. प्रसादाच्या काउंटरवरचा मॉनिटर अर्ध्या तासासाठी उसना आणला, डब्याच्या मागे लावला, माउस लावला. पुढच्या बाजूला यूएसबीचं भोक होतंच. माझा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह डब्याला ओळखता येईना. इतके जुने डबे फॅट३२ सोडून दुसरी मांडणी वाचत नाहीत. कारकुनाकडे ८ जीबीचा एक निघाला, भजनांचा. भजनं कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, तो फॅट३२ मध्ये नव्याने मांडला आणि महाद्वाराच्या दोन्ही कॅमेऱ्यांचं शनिवार रात्रीचं चाळीस-चाळीस मिनिटांचं चित्रण घेतलं. सगळं मिळून सहाशे मेगाबाइट. डब्याच्या मूळ स्वरूपात एक प्रत आणि सोबत त्याचा प्लेअर. एव्हीआयमध्ये दुसरी प्रत, फक्त बघायला. मूळ प्रत महत्त्वाची, रूपांतर केलेल्या प्रतीवर उद्या कुणीही बोट ठेवू शकतो.

घेताना लक्षात आलं की डब्याचं घड्याळ सतरा मिनिटं पुढे आहे. आतली नाण्याएवढी बॅटरी मेलेली असणार आणि वीज गेली-आली की घड्याळ भटकत असणार. पोलिसांना सांगितलेली वेळ आणि चित्रावरची वेळ जुळली नसती. घड्याळ तिथल्या तिथे बरोबर करायचा मोह झाला, पण तो आवरला. डब्याची पडद्यावरची वेळ आणि माझ्या मोबाइलची वेळ एकाच फोटोत घेतली, आणि फरक कागदावर लिहिला. घड्याळ चित्रण हाती आल्यावर दुरुस्त केलं.

कागदाचा भाग अनेकांना माहीत नसतो, म्हणून जरा सविस्तर. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पूर्वी ज्याला सगळे 'पासष्ट बी' म्हणायचे ते इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आता कलम ६३ खाली येतं. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच आहे. भाग 'अ' यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा म्हणा. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासूनच असते, ती एसएचए-२५६ प्रकारचा हॅश काढून देते, वेगळं काही बसवायला लागत नाही. भाग 'अ' वर मुखत्यारांनी सही केली. भाग 'ब' चं आमच्याकडून बघतो असं हवालदार म्हणाले, मी त्यात पडलो नाही.

चार वर्षं उघडं दार

खजिनदारांच्या मोबाइलवर आरती दिसते, तर ती कुठून जाते? राउटर उघडून पाहिला. डीव्हीआरच्या वेब पानाचं आणि मोबाइल ॲपचं, अशी दोन दारं थेट इंटरनेटवर उघडी होती. कुणीतरी सोय म्हणून उघडली, समिती बदलली, दारं राहिली. खजिनदारांच्या आठवणीप्रमाणे चार वर्षं.

ब्राउझरने अडवलेल्या प्लगिनची आम्ही सकाळपासून चिंता करत होतो. खरं संकट हे होतं. २०१६ मध्ये मिराई नावाचा किडा पसरला तो नेमका अशाच डब्यांतून आणि कॅमेऱ्यांतून. कारखान्यातून आलेली साठेक नावं-पासवर्ड त्याला पाठ होते, ते एकेक करून बघायचा. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशा हजारो यंत्रांनी मिळून साइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटरपासून नेटफ्लिक्सपर्यंत मोठमोठ्या साइट काही तास बंद पडल्या. त्या यंत्रांच्या मालकांना पत्ताही नव्हता. आमचा डबा त्यात होता का, नव्हता का, आता कळायचा मार्ग नाही. खजिनदारांनी निदान पासवर्ड बदलला होता, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. पण २०१४ नंतर त्या डब्याला कंपनीचं एकही अपडेट लागलेलं नव्हतं.

दोन्ही दारं बंद केली. राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे यंत्रांना आपणहून दार उघडू देणारी सोय, बंद केलं, नाहीतर डबा ती स्वतः परत उघडून घेतो. संध्याकाळी खजिनदारांचा फोन आला, "आरती गेली."

डबा बदलताना

पूर्वी एकाने समितीला सगळं नवं बसवायचे ६८,००० सांगितले होते. नेटवर्कवरचे आयपी कॅमेरे, नवी वायर, सगळं. जत्रा तोंडावर असताना सभामंडपाचं लाकूड उकलून वायर ओढायची कुणाची तयारी नव्हती, आणि तशी गरजही नव्हती. आजचे बहुतेक आठ वाहिन्यांचे हायब्रिड डीव्हीआर जुने ॲनालॉग कॅमेरेही घेतात. डबा आणि डिस्क बदलली, कॅमेरे-वायरी त्याच. बारा हजारांत झालं.

विकत घेण्याआधी दुकानात मी एक हट्ट धरला. दुकानदाराने आपल्या लॅपटॉपवर क्रोम उघडायचा, डब्याचा पत्ता टाकायचा आणि काहीही न बसवता चित्र दाखवायचं. पहिल्या डब्याने काळे चौकोन दाखवले आणि खाली तीच मोडक्या इंग्रजीतली ओळ. २०२५ मध्ये, नव्या खोक्यात. दुसऱ्याने दाखवलं. आता ब्राउझरला एच.२६४, म्हणजे चित्रण दाबून साठवायचा नेहमीचा प्रकार, स्वतः वाचता येतो, प्लगिनची मुळात गरज नाही. फक्त एक बघावं लागतं: काही डबे थेट चित्र प्लगिनशिवाय दाखवतात आणि प्लेबॅक मागितला की पुन्हा प्लगिन मागतात. दोन्ही चालवून बघितलं. कॅमेरे त्याच्या नव्या पिढीवर, एच.२६५ वर, न ठेवता एच.२६४ वर ठेवले, कारण एच.२६५ सगळ्या ब्राउझरांत चालतोच असं नाही. डिस्क २ टेराबाइट घेतली, म्हणजे त्याच हिशोबाने तेवीस दिवस.

मोबाइलवर बघायचा प्रश्न राहिला. दार उघडायचं नाही, तर डबा कंपनीच्या क्लाउडमार्फत जातो. म्हणजे विश्वास राउटरवरून उचलून कंपनीवर ठेवायचा. मला ते पूर्ण पटत नाही. देवस्थानच्या राउटरवर व्हीपीएन, म्हणजे ओळखीच्यांपुरती खाजगी वाट, मांडून देतो म्हटलं, पण तीन वर्षांनी येणाऱ्या समितीला तो कोण समजावणार, असं सचिवांनी विचारलं, आणि त्यांचं खरं होतं. क्लाउड ठेवला.

ॲडमिनचा पासवर्ड नवा, कागदावर लिहून लाखेने बंद केलेल्या लखोट्यात, दागिन्यांच्या यादीसोबत. यादीत त्याची एक ओळही आली: 'डीव्हीआर पासवर्ड, लखोटा १'. आणि वापरकर्त्यांत मुखत्यारांनी स्वतः सांगून एक नाव घालायला लावलं. फक्त सभामंडपाचा एक कॅमेरा, फक्त थेट, मागचं काही नाही. ते नाव जुन्या खजिनदारांचं. त्यांच्याकडे भटजीच मोबाइल घेऊन गेले, मुखत्यार गेले नाहीत.

जुना डबा डिस्कसकट कपाटात आहे. प्रकरण मिटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असं ठरलं आहे.

चित्रणात काय निघालं? स्कूटर दिसते, धडक दिसते. नंबर वाचता येत नाही, ९६० गुणिले ५७६ च्या चित्रात समोर हेडलाइट असेल तर तो दिसायचाही नाही. रात्रीचं चित्र काळं-पांढरं. पाटी काळसर आणि अक्षरं उजळ. मी लगेच म्हटलं, काळी पाटी पिवळी अक्षरं, भाड्याची स्कूटर, पर्यटक असणार. हवालदार हसले. "इलेक्ट्रिकची हिरवी पाटीपण रात्री अशीच दिसते, पात्रांव. आणि ती गावातल्यांकडेच जास्त." दोन्ही बाजूंनी शोध चालू आहे.

पुढच्या आठवड्यात मावशी प्लास्टर घातलेला हात घेऊन कचेरीत आली. तिला स्कूटर बघायची नव्हती. नुकसान किती झालं ते अर्जात लिहायला सांगितलं होतं, टोपलीत वळेसर किती होते ते मोजता येतील का, एवढंच तिला हवं होतं. कारकुनाने चित्रण लावलं, थांबवलं, मोठं केलं. टोपली दिसत होती, कलंडताना दिसत होती. वळेसरांच्या जागी एक उजळ धब्बा.

"चाळीस होते," मावशी म्हणाली.

कारकुनाने चाळीस लिहिले.